टोपी, पाणी, शू

नवीन मूल किंडरमध्ये, म्हणजे इथल्या ऑस्ट्रेलियन बालवाडीत, यायच्या आधी त्याच्या आईबाबांकडून मी थोडे शब्द मागून घेते. पाणी. शू. शी. दुखतंय. नको. पुरे. आणि घरी ते आईला ज्या नावाने हाक मारतं ते नाव. तुमच्या भाषेत सांगा, मला वाचता येईल असं इंग्रजी अक्षरांत लिहून द्या आणि एकदा म्हणून दाखवा, एवढीच विनंती.

बहुतेक पालक यासाठी तयार नसतात. त्यांची तयारी वेगळीच झालेली असते. "हिला ए टू झेड येतं, वीसपर्यंत आकडे येतात, सगळे कलर्स येतात," असं ते कौतुकाने सांगतात. मी ऐकून घेते. पण साडेतीन वर्षांच्या मुलीच्या पोटात कळ आली की तिथे पर्पल कामाला येत नाही. तिच्या घरात त्या गोष्टीला जे म्हणतात ते मला कळायला हवं, आणि चड्डी ओली व्हायच्या आत कळायला हवं. शिवाय हा शब्द घरागणिक बदलतो. मराठीतच बघा ना, कुणाकडे शू, कुणाकडे सूसू, कुणाकडे आजीमुळे टिकून राहिलेली 'एकी'. मूल 'एकी, एकी' करत उभं आहे आणि शिक्षिकेला वाटतंय ते गाणं म्हणतंय, असं होऊ शकतं.

मी शिकवते ती जागा मेलबर्नच्या पश्चिम टोकाला, विंडम भागात आहे. टार्नीट, ट्रुगनिना, पॉइंट कुक, हॉपर्स क्रॉसिंग ही इथली उपनगरं. टार्नीटला दुकानात रांगेत उभं राहिलं तर इंग्रजीखालोखाल पंजाबी कानावर पडते. माझ्या वर्गात पंजाबी आहे, तेलुगू आहे, व्हिएतनामी, अरबी, थोडी मराठी, आणि ब्रह्मदेशातून निर्वासित होऊन आलेल्या कुटुंबांची कॅरेन भाषा आहे. व्हिक्टोरिया राज्याच्या नियमाप्रमाणे या वयाच्या दर 11 मुलांमागे एक मोठं माणूस लागतं. म्हणजे 22 मुलं आणि आम्ही दोघी. माझ्याकडे मराठी, हिंदी, इंग्रजी. माझ्या सहकारिणीकडे फक्त इंग्रजी, तीही अशी अस्सल ऑस्ट्रेलियन की सुरुवातीला मलाच ती पुन्हा सांगायला लावावी लागायची.

'पाणी' हा शब्द मला जवळजवळ फुकटात मिळालेला आहे. मराठीत कमावलेला हा शब्द पंजाबी, गुजराती, नेपाळी, बांगलादेशी मुलांपर्यंत चालतो. तेलुगू मुलांसाठी 'नीळ्ळू' पाठ केला. व्हिएतनामी शब्द मात्र अजून नीट जमत नाही, कारण तिथे नुसता उच्चार पुरत नाही, सूरही लागावा लागतो. मी बाटली दाखवून तो शब्द म्हणते, समोरचा चार वर्षांचा मुलगा खो खो हसतो आणि बरोबर करून सांगतो. मी पुन्हा चुकते. तो पुन्हा हसतो. सकाळपासून गप्प असलेलं मूल यात तीनदा बोललेलं असतं, आणि वर्गात ज्याला काहीच येत नाही असं माणूस आता मी असते, तो नसतो. मला हा सौदा फार आवडतो.

गप्प बसण्याबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण पालकांची झोप उडते ती त्यानेच.

परक्या भाषेत जाऊन पडलेली लहान मुलं साधारण कशी पुढे सरकतात हे पॅटन टॅबर्स या अमेरिकन अभ्यासक बाईंनी चार टप्प्यांत मांडलंय. आधी मूल आपल्या घरचीच भाषा सगळ्यांशी बोलत राहतं. का बोलू नये? आजवर ती सगळीकडे चाललेली असते. मग त्याच्या लक्षात येतं की इथे ही चालत नाही, आणि ते बोलणं थांबवतं. तिसऱ्या टप्प्यात एकेक शब्द आणि ऐकून उचललेली तयार वाक्यं येतात. स्वतः जुळवून केलेली वाक्यं त्यानंतर. टप्पे काटेकोर नसतात, एकच मूल सकाळी एका टप्प्यात आणि जेवणानंतर दुसऱ्यात असू शकतं.

दुसरा टप्पा कुणाचा आठवड्यांत संपतो, कुणाचा काही महिने चालतो. घरी हेच मूल माकडासारखं बडबडत असतं, त्यामुळे आईचा विश्वासच बसत नाही. "दिवसभर काहीच बोलली नाही?" काहीच नाही. पण ती रिकामी बसलेली नसते. ती कुठे उभी राहते ते बघावं. दंगा चालतो त्याच्या अगदी शेजारी, दीड हातावर. कोण काय म्हणालं की काय घडतं, हे ती टिपत असते. झोपाळ्यावर एकटी असताना ओठ हलत असतात. कधी कधी जवळून जाताना कानावर पडतं, ती वर्गातली वाक्यं स्वतःशीच पुटपुटत असते, अर्थाशिवाय, नुसती चाल धरून.

एका व्हिएतनामी मुलाने असेच कित्येक आठवडे काढले. मान हलवणं, बोट दाखवणं, हात धरून ओढत नेणं, यावर त्याचं सगळं निभत होतं. आणि मग एका सकाळी अंगणात जायच्या वेळी तो दारात उभा राहिला, कमरेवर हात ठेवले, आणि माझ्या सहकारिणीच्या हुबेहूब आवाजात, तिच्याच हेलात ओरडला, "ओके एव्रीवन, हॅट्स ऑन!" आम्ही दोघी गारद. त्याहून मजा म्हणजे सगळ्या मुलांनी मुकाट टोप्या घातल्या. आमचं एवढं ऐकत नाहीत.

म्हणून या काळात मुलाला बोलतं करायला जाऊ नये असं माझं ठाम मत आहे. 'से हॅलो', 'से थँक यू', 'टेल मी, व्हॉट कलर इज धिस' हा मारा करणारी मोठी माणसं मला आवडत नाहीत, मग ती पालक असोत की शिक्षक. उत्तर आपल्याला ठाऊक आहे, मुलाला ठाऊक आहे की आपल्याला ठाऊक आहे, आणि तरीही सगळ्यांसमोर त्याची परीक्षा चालू. त्यापेक्षा शेजारी बसावं, तेच खेळावं जे ते खेळतंय, आणि आपण काय करतोय ते थोडक्यात बोलत राहावं. "वाळू. ओली वाळू. आता भरली. पडली!" इतपत. उत्तराची अपेक्षा नाही हे मुलाला कळलं की त्याचे खांदे सैल होतात.

मात्र गप्प मुलाकडे 'भाषेचं आहे, येईल हळूहळू' म्हणून कायम काणाडोळा करूनही चालत नाही. मी पहिला प्रश्न विचारते तो घरच्या भाषेबद्दल. घरी वाक्यं बोलते का? आजीला गोष्ट सांगते का? दुसऱ्या खोलीतून हाक मारली की वळून बघते का? घरच्या भाषेतही बोलणं मागे असेल तर तो इंग्रजीचा प्रश्न राहत नाही. या वयात सर्दीपाठोपाठ कानाच्या पडद्यामागे पाणी साचणं फार नेहमीचं, आणि अर्धवट ऐकू येणारं मूल दोन्ही भाषांत अडखळतं. इथे जन्मापासून साडेतीन वर्षांपर्यंत परिचारिकेकडे ठरलेल्या दहा तपासण्या असतात. नव्याने आलेल्या कुटुंबांना त्या माहीतच नसतात, तेव्हा तिथे पाठवते. आणि घरी भरपूर बोलणारं, भाषा समजू लागलेलं मूलही शाळेत तोंड उघडूच शकत नाही अशी एक वेगळी अवस्था असते, सिलेक्टिव्ह म्युटिझम नावाची, तिला तज्ज्ञ लागतो. पण डॉक्टर मंडळीसुद्धा ते नाव देताना शाळेचा पहिला महिना धरत नाहीत, आणि भाषा येत नसणं हे कारण आधी बाजूला काढतात. तेवढा धीर आपण धरायला हरकत नाही.

आता अंगाच्या भाषेविषयी. सगळे म्हणतात की शब्द नसले तर हातवारे करा, हातवारे सगळ्यांना कळतात. मी म्हणते, जपून. माझ्या सहकारिणीने एका तेलुगू मुलीला विचारलं, सफरचंद हवं का? मुलीने मान डोलावली, आपल्याकडे डोलावतात तशी, डावी-उजवीकडे. सहकारिणीने ताटली पुढे सरकवली, दुसऱ्याकडे. मुलीचे डोळे भरले. मी पलीकडच्या टेबलावरून ओरडले, "ती हो म्हणतेय!" तेव्हापासून भारतीय मान हा आमच्या वर्गात प्रशिक्षणाचा विषय आहे. बोलावण्याचंही तसंच. आपण तळवा खाली करून बोटं हलवतो आणि 'ये' म्हणतो. इथल्या मुलाला वाटतं बाई टाटा करतायत. शिवाय नजर. रागावल्यावर 'माझ्याकडे बघ' म्हणणारे लोक इथे, आणि रागावल्यावर वर बघितलं तर 'डोळे वटारतोस?' म्हणणारी घरं आमची. मान खाली घालून उभं असलेलं मूल आदर दाखवत असतं आणि समोरच्या बाईला ते दुर्लक्ष वाटतं.

म्हणून आम्ही काही खुणा ठरवूनच टाकल्या. ऑस्ट्रेलियातल्या कर्णबधिरांच्या ऑस्लन या खुणांच्या भाषेतून मोजक्या घेतल्या: आणखी, पुरे, मदत, शौचालय, पाणी, थांब. बोलताना त्या वाक्यातल्या मुख्य शब्दाबरोबर खूण करायची. ही पद्धत मुळात बोलण्यात अडचण असलेल्या माणसांसाठी तयार झाली, पण आमच्या बहुभाषी वर्गात तिचा उपयोग सगळ्यांनाच झाला. खूण सगळ्यांनाच नवीन. इंग्रजी घरातल्या मुलालाही ती शिकावीच लागते, त्यामुळे तिथे कुणी मागे नसतं.

आणि इंग्रजी बोलायचीच तर कमी बोलावी. इथली माणसं सभ्य. हुकूम करायला लाजतात. टोपी घाल असं सांगायला "वुड यू लाइक टू पॉप युअर हॅट ऑन फॉर मी, प्लीज, डार्लिंग?" इतकं लांबवतात. ज्याला दहा शब्द येतात त्याने यातलं काय पकडायचं? 'लाइक' ओळखीचं, म्हणजे बाई आवडीबद्दल विचारतायत. आवडत नाही, म्हणून तो टोपी घालत नाही. मग बाईंना वाटतं मूल हट्टी आहे. मी गुडघ्यावर बसते, माझी टोपी माझ्या डोक्यावर ठेवते, त्याची त्याच्या हातात देते आणि म्हणते, "हॅट." काम झालं. प्लीज नंतर येईल.

टोपीचं इतकं माहात्म्य का, असं तिकडच्या वाचकांना वाटेल. इथलं ऊन त्वचेला फार वाईट. ऑगस्टच्या मध्यापासून एप्रिलअखेरपर्यंत टोपीशिवाय अंगणात खेळायला मिळत नाही. टोपी नाही तर सावलीत बसायचं. त्यामुळे आमच्याकडे अनेक मुलांचा पहिला इंग्रजी शब्द मम्मी नसतो, ऑरेंज नसतो, हॅट असतो. ज्या शब्दावर काहीतरी अडलेलं असतं तो लवकर येतो. टोपी घातली की दार उघडतं, हे कळायला व्याकरण लागत नाही.

दिवसाचा क्रम हीच नव्या मुलाची पहिली पोथी. भिंतीवर लहान मुलाच्या उंचीला फोटोंची पट्टी लावलेली असते: दप्तर अडकवणं, सनस्क्रीन, अंगण, फळं, गालिच्यावरची गोष्ट, डबा, आराम, आणि सगळ्यात शेवटी घरी जाण्याचा फोटो. फोटो आमच्याच वर्गातले, कुठूनतरी छापून आणलेली चित्रं नव्हेत. एक झालं की तो फोटो काढून टोपलीत टाकायचा. रडणाऱ्या मुलाला 'मम्मी विल कम बॅक सून' शंभरदा सांगून कळत नाही. पट्टीपाशी नेऊन दाखवलं की हे झालं, हे झालं, आता फक्त डबा, मग आराम, मग आई, तर ते बोटाने मोजून बघतं. दर थोड्या वेळाने स्वतःच पट्टीपाशी जाऊन येतं. त्या पट्टीपाशीच काही मुलं पहिला इंग्रजी शब्द मोठ्याने म्हणतात.

पण मोठ्यांशी जमवून घेणं हा सोपा भाग. मुलांशी जमवणं अवघड, कारण मुलं आमच्याइतकी समजूतदार नसतात आणि थांबत नाहीत. घर-घर खेळताना भाषा न येणाऱ्याला काय करायचं हे चार वर्षांच्या मुलींनी जगभर परस्पर ठरवून ठेवलेलं असावं. त्याला बाळ करायचं. नाहीतर कुत्रा. बाळाला बोलायचं नसतं, त्याला झोपवतात, भरवतात, 'नो बेबी, डोंट टच' म्हणून रागावतात. पहिल्यांदा बघणाऱ्या पालकाला हे खटकतं. मला विचाराल तर यात त्या मुलींची अक्कल दिसते. खेळात शिरायला तिकीट मिळालं, तोंड उघडायची सक्ती नाही, आणि दिवसभर सोप्या, पुन्हा पुन्हा येणाऱ्या वाक्यांचा मारा अंगावर. आम्ही योजून इतकं चांगलं शिकवू शकत नाही. लक्ष एवढंच ठेवायचं की बढती होतेय की नाही. तेच मूल दिवाळीनंतरही बाळच असेल, तर मी डॉक्टर-डॉक्टर काढते आणि स्टेथोस्कोप त्याच्या गळ्यात घालते. डॉक्टरला फारसं बोलावं लागत नाही, आणि त्याचं सगळे ऐकतात.

भांडायची भाषाही आम्ही शिकवतो, आधीच. हात पुढे करायचा आणि म्हणायचं, "स्टॉप, आय डोंट लाइक इट!" इथल्या बहुतेक किंडरमध्ये हे वाक्य ऐकू येईल. शब्द नसलेल्या मुलाकडे दुसरा उपाय चावण्याचा असतो, म्हणून हे वाक्य लवकर द्यावं. मुलांना ते इतकं आवडतं की काही दिवस ती कोबीलाही तेच म्हणतात.

पालकांशी बोलायला वेळ लागतो. कॅरेन आईशी बोलायचं तर दुभाष्याला फोन. सरकारची ही फोनवरची दुभाषी सेवा 1973पासून चालू आहे. त्यातही कॅरेन म्हणजे कोणती, स्गॉ की पो, हे आधी विचारावं लागतं. थोरल्या बहिणीला दुभाषी करायचं नाही हा माझा नियम आहे. आठ वर्षांच्या मुलीने आईला 'धाकटा चावतो' हे सांगायचं, आणि आईची काळजी पुन्हा आम्हाला सांगायची, हे तिच्या वयाचं ओझं नव्हे. फोनवरची भाषांतराची अ‍ॅपं 'उद्या टोपी आणा' इतपत ठीक, त्यापलीकडे नकोत.

आणि आमचे मराठी पालक? त्यांच्याशी बोलायला दुभाषी लागत नाही, तरी सगळ्यात जास्त वेळ त्यांच्यावरच जातो. "मॅडम, आम्ही घरी इंग्लिशच सुरू केलंय," हे ते गृहपाठ पूर्ण करून आणल्याच्या आनंदात सांगतात. मॅडम म्हणू नका म्हटलं तर ऐकत नाहीत. इथे मुलं आम्हाला नावाने हाक मारतात याचा त्यांना अजून धक्का आहे. घरी इंग्रजी म्हणजे काय ते मी खोदून विचारते. "कम, सिट. ईट फास्ट. डोंट डू धिस. व्हेअर इज युअर शू?" म्हणजे आज्ञा आणि विचारणा. गोष्टी नाहीत, थट्टा नाही, 'आकाश पडलं तर?' नाही, लाडाने दिलेली विचित्र नावं नाहीत. मराठीत जे आईबाप तासभर गप्पा मारू शकतात ते इंग्रजीत लेकराशी पोलिसासारखं बोलतात.

मी त्यांना हिशेब दाखवते. शाळेआधीच्या वर्षात किंडरचे तास आठवड्याला 15. तेवढ्यात आम्ही इंग्रजीचं बघून घेतो, आणि नंतर शाळा आहे, रस्ता आहे, टीव्ही आहे. इंग्रजी या देशात वाट चुकून कुठे जाणार नाही. मराठी मात्र तुमच्या स्वयंपाकघरातून गेली तर इथे दुसरीकडे कुठून येणार? कॅनडातले भाषाशिक्षणाचे अभ्यासक जिम कमिन्स यांनी गेली चार-पाच दशकं हेच लावून धरलंय की दोन भाषा डोक्यात दोन वेगळ्या खणांत नसतात, खालून जोडलेल्या असतात. 'का', 'म्हणून', 'समजा', 'नाहीतर' हे मूल घरच्या भाषेत शिकलं की त्याला ते इंग्रजीत पुन्हा मुळापासून शिकायचं नसतं, नुसती नावं बदलायची असतात. त्यांचंच दुसरं निरीक्षण असं की मैदानावरचं बोलणं वर्ष-दोन वर्षांत येतं, पण अभ्यासाच्या इंग्रजीत बरोबरीच्या मुलांना गाठायला पाच ते सात वर्षं लागतात. एवढा काळ विचार कोणत्या भाषेत करायचा? ऑस्ट्रेलियाचा 2009 सालचा आणि 2022 साली सुधारलेला बालशिक्षणाचा राष्ट्रीय आराखडाही घरची भाषा जपायलाच सांगतो. सरकारचं नाव घेतलं की आमच्या लोकांना पटतं, म्हणून तेही घेते.

हे सगळं सांगताना मनात पुणे असतं.

इकडे येण्याआधी मी पुण्यात एका इंग्रजी माध्यमाच्या पूर्वप्राथमिक शाळेत काम केलं. वर्गातल्या बहुतेक मुलांची भाषा मराठी. शिक्षिकांची मराठी. मुख्याध्यापिकाबाईंची मराठी. आणि नियम असा की वर्गात मराठी बोलायचं नाही. शूला जायचं तर "मे आय गो टू द वॉशरूम?" हे पूर्ण वाक्य म्हणायचं. साडेतीन वर्षांचा जीव पाय आवळून 'मे आय, मे आय' करत उभा राहायचा, पुढचं आठवायचं नाही, आणि फरशीवर ओघळ यायचा. समोर उभ्या बाईंना सगळं कळत असायचं. मेलबर्नमध्ये मला तेलुगू येत नाही म्हणून मी तेलुगू शब्द गोळा करत फिरते. तिथे शब्द तोंडात होता आणि तो गिळायचा पगार मिळत होता.

त्या शाळेत मुलं तगली ती मावशींमुळे. दप्तरं उचलणाऱ्या, डबे उघडून देणाऱ्या, चड्ड्या बदलणाऱ्या मावशींना इंग्रजी येत नव्हतं, त्यामुळे त्यांना नियम लागू करता येत नव्हता. रडू आलं की मूल बाईंकडे जायचं नाही, मावशींच्या पदराकडे जायचं. तिथे त्याला कुणी विचारायचं, काय झालं रे सोन्या? मला अजूनही वाटतं की त्या शाळेतली खरी बालवाडी जिन्याखालच्या त्या कोपऱ्यात भरायची आणि तिची फी कुणीच भरत नव्हतं.

हे सगळं आपल्याला नवीन असायचं कारण नाही. ताराबाई मोडक मुंबईत जन्मलेल्या मराठी बाई. भावनगरला बालशिक्षणाचे प्रयोग करणाऱ्या गिजुभाई बधेकांबरोबर त्यांनी गुजराती मुलांत काम केलं. पुढे 1945 साली बोर्डीला आणि 1957 साली अनुताई वाघांसह कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. तिथे वारली मुलं. त्यांची बोली पुस्तकी मराठीहून वेगळी, आणि शाळा नावाच्या गोष्टीशी त्यांचं काही देणंघेणं नव्हतं. मुलं शाळेत येत नाहीत म्हणून शाळा पाड्यावर गेली, अंगणात भरली. गुरं राखणाऱ्यांसाठी कुरणात भरली. महागडी साधनं नव्हती, म्हणून शंखशिंपले, बिया, पानं, खडे घेतले. आज मी मेलबर्नमध्ये निलगिरीच्या बिया टोपलीत घालून मुलांसमोर ठेवते, तेव्हा इथल्या प्रशिक्षणात त्याला भारदस्त नाव असतं. मला कोसबाड आठवतं.

आणि ज्यांच्या नावावर पुण्या-मुंबईच्या निम्म्या इंग्रजी बालवाड्या चालतात, त्या मारिया मॉन्टेसरी! 1939 साली त्या मद्रासला आल्या तेव्हा व्याख्यानं इटालियनमध्ये द्यायच्या आणि मुलगा मारिओ ती इंग्रजीत सांगायचा. महायुद्धात इटली उतरल्यावर ब्रिटिशांनी मारिओला शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून आपल्या अहमदनगरला स्थानबद्ध केलं; बाईंच्या सत्तराव्या वाढदिवशी, 1940च्या ऑगस्टअखेर, सोडलं. पुढे कोडाईकनालला बाई मुलांमध्ये काम करत राहिल्या. मुलांपुढे कमी बोला, हातात वस्तू द्या आणि बघत राहा, हे शिकवणाऱ्या बाईंच्या नावाच्या शाळेत आज 'ओन्ली इंग्लिश' अशी पाटी असते. 2020च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत घरची भाषा हे माध्यम ठेवा म्हटलंय. पाटी अजून तिथेच आहे.

या वर्षी एक मराठी कुटुंब आलं. फॉर्मवर 'घरी बोलली जाणारी भाषा' यापुढे बाबांनी 'इंग्लिश' लिहिलं होतं. मुलगा गप्प. सोडायला यायच्या त्या आजी, साताऱ्याकडच्या, नातवाला भेटायला आलेल्या. त्यांना इंग्रजी येत नाही, आणि नातवाशी इंग्रजीतच बोलायचं असं घरात ठरलेलं, म्हणून त्याही गप्प. दोघं हात धरून यायची आणि हात सोडून जायची. मी व्यवस्थापनाशी बोलून, लागतील ते कागद करून आजींना एका सकाळी थांबवून घेतलं, आणि अंगणातल्या चिखलाच्या स्वयंपाकघरात बसवलं. आजींनी इकडेतिकडे बघितलं, पदर खोचला आणि चिखल मळायला घेतला. "लई सैल झालंय," त्या म्हणाल्या. नातू पानं घेऊन आला आणि त्याने पहिल्यांदाच वर्गात आवाज काढला, "आजी, मीठ." मग पंजाबी मुलगी आली, तिला पोळी लाटणं घरून माहीत होतं. कॅरेन मुलगा पाणी आणायच्या कामाला लागला. इंग्रजी घरातल्या दोघी लांब उभ्या होत्या, त्यांना यातलं काही येत नव्हतं; आजींनी तळवा खाली करून बोलावलं, त्यांना वाटलं जा म्हणतायत, आणि त्या निघाल्या. नातवाने पळत जाऊन एकीचा हात धरला. "कम," तो म्हणाला. "आजी सेज कम."

संध्याकाळी बाबांना मी फॉर्म परत दिला आणि भाषेची ओळ दुरुस्त करायला सांगितली. त्यांनी इंग्लिश खोडलं नाही, शेजारी स्वल्पविराम देऊन मराठी लिहिलं. चालेल म्हटलं. आजींना गुरुवारीही याल का विचारलं, तर म्हणाल्या, येईन की, पण पळी-बिळी काहीतरी चांगलं ठेवा, त्या प्लॅस्टिकच्या चमच्याने काही ढवळत नाही.